पहिली विंग काढण्याआधी: फॉर्म्युला स्टुडंटचे एरो नियम कसे वाचायचे

फॉर्म्युला स्टुडंट म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या छोट्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा. कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये, एरो विभागात (गाडीभोवतीच्या हवेचं काम बघणाऱ्या) नवीन मुलं-मुली आली की बहुतेक जण आधी एअरफॉइल, म्हणजे विंगच्या छेदाचा आकार, शोधायला बसतात. मग सीएफडी (हवेच्या प्रवाहाचं संगणकावरचं गणित), मग रंगीत चित्रं, आणि डिसेंबरात कधीतरी कुणीतरी विचारतं, "ही विंग नियमात बसते ना?" तोवर साचे कापून झालेले असतात. मी टीममध्ये एरोचं काम केलंय, गाडी घेऊन स्क्रुटिनीच्या (स्पर्धेतल्या नियम-तपासणीच्या) रांगेत उभा राहिलोय, आणि पुढे ज्युनिअर्सच्या विंग्ज टेप घेऊन मोजल्या आहेत. त्यातून एक मत पक्कं झालंय: विंगचा आकार नंतर ठरवा, आधी तिला मिळालेली जागा काढा आणि ती जागा गाडीच्या कोणत्या अवस्थेत मोजली जाणार ते समजून घ्या. बाकी सगळं त्यावर उभं राहतं.

खालचे आकडे जर्मनीच्या फॉर्म्युला स्टुडंट नियमांतले आहेत. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारतचं रूलबुक त्याच पायावर बेतलेलं आहे. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या स्पर्धांत रचना बरीचशी अशीच असते, पण शब्द आणि आकडे फिरू शकतात. नियम दर वर्षी सुधारतात. म्हणून इथला एकही आकडा थेट कॅडमध्ये (संगणकावरच्या ड्रॉइंगमध्ये) घालू नका. आपल्या स्पर्धेचं, आपल्या वर्षाचं पुस्तक उघडून ताडून बघा.

हाताशी काय हवं

कागद:
- चालू वर्षाचं रूलबुक, स्पर्धेचं हँडबुक आणि प्रश्नोत्तरांचं पान
- टेक्निकल इन्स्पेक्शनची छापील यादी
- गाडीची समोरून, बाजूने आणि वरून अशी तीन चित्रं, टायरसकट
- इम्पॅक्ट अटेन्युएटरचा (नाकासमोरच्या, धडक झेलणाऱ्या भागाचा) अहवाल, विंगच्या माउंटिंगच्या हिशोबासह

साधनं:
- टेप, मोठा गुण्या, ओळंबा, पाणसळ, सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी
- रेडियस गेज
- सामान तोलायचा हुकाचा काटा
- 15 सेंमी × 15 सेंमी प्लायवूडचा तुकडा आणि 20 लिटरचा पाण्याचा कॅन

ओळंबा, गुण्या आणि पाणसळ गवंड्याकडे मिळतात तशाच चालतील. लेझर असेल तर छान, पण ओळंब्याने काढलेली उभी रेघ कुणालाही वादाशिवाय पटते.

## 1. नियम कशामुळे आला ते आधी समजून घ्या

नुसते पाठ केलेले आकडे विसरतात. आकड्यामागचा अपघात किंवा युक्ती माहीत असली की नियम डोक्यात राहतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तपासनीस नेमकं काय शोधतोय ते कळतं.

1960च्या दशकाच्या शेवटी फॉर्म्युला वनमध्ये बारीक खांबांवर उभ्या केलेल्या उंच विंग्ज आल्या. काहींच्या विंग्ज थेट सस्पेन्शनच्या अपराइटला (चाक धरणाऱ्या भागाला) जोडलेल्या असत, म्हणजे डाउनफोर्स (हवेने गाडीला खाली दाबणारा जोर) स्प्रिंगवर न येता सरळ टायरवर जाई. कल्पना अप्रतिम होती, पण खांब तिला पुरे पडले नाहीत. मे 1969 मध्ये बार्सिलोनाच्या मोंजुइक सर्किटवर ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या लोटसच्या दोन्ही ड्रायव्हरांच्या विंग्ज शर्यतीत तुटल्या आणि दोघांच्या गाड्या आदळल्या. दोन आठवड्यांनी मोनाकोला सराव चालू असतानाच अशा विंग्जवर बंदी आली. पुढे विंग परत आली ती मर्यादेत: ठरावीक उंची, गाडीच्या स्प्रिंगवर तोललेल्या भागाला पक्की जोडणी, आणि हलायचं नाही.

मग डिझाइनर गाडीच्या पोटाखाली शिरले. 1970 मध्ये शॅपरल 2जे या कॅन-अ‍ॅम गाडीने मागे पंखे लावून खालची हवा ओढून काढली; ती पद्धत बंद झाली. 1978 मध्ये ब्रॅबमच्या बीटी46बीने तेच केलं, पंखा मुख्यतः थंडाव्यासाठी आहे असं सांगून. निकी लाउडाने स्वीडनमध्ये अँडरस्टॉर्पला शर्यत जिंकली आणि ती गाडी पुन्हा शर्यतीत उतरली नाही. हवा ओढण्यात किती ताकद आहे याचा अलीकडचा दाखला झुरिकच्या एएमझी टीमने दिला. 2023 मध्ये त्यांच्या इलेक्ट्रिक गाडीने खालून हवा ओढत 0 ते 100 किमीचा वेग 0.956 सेकंदात गाठला. ती विक्रमासाठीची धाव होती, स्पर्धेतली नव्हे. पंखा लावायची कल्पना सुचली तर पहिलं काम म्हणजे आपल्या रूलबुकात पॉवर्ड ग्राउंड इफेक्टचं कलम वाचणं.

पंख्याशिवायही पोटाखालून डाउनफोर्स मिळतो, हे लोटस 78 आणि 79ने दाखवून दिलं होतं. दोन्ही बाजूंना जमिनीला टेकणारे स्कर्ट लावून त्यांनी खालची हवा कोंडली. 1981 मध्ये सरकते स्कर्ट बंद झाले आणि गाडी जमिनीपासून 6 सेंटीमीटर वर हवी अशी अट आली. ब्रॅबमने त्यावर असं सस्पेन्शन बनवलं की उभी गाडी 6 सेंटीमीटर भरायची आणि वेगात दबून खाली बसायची. मोजमाप फक्त उभ्या गाडीचं होत होतं. 1983 मध्ये सपाट तळ सक्तीचा झाला. 1994 मध्ये इमोलाच्या अपघातांनंतर तळाला 10 मिमीची फळी आली: गाडी फार खाली चालली तर फळी घासते, आणि ती 1 मिमीपेक्षा जास्त घासली की निकाल जातो. त्याच वर्षी स्पामध्ये मायकेल शूमाकरचा विजय या फळीने काढून घेतला. 2023 मध्ये ऑस्टिनला लुईस हॅमिल्टन आणि शार्ल लक्लेर तिच्यामुळेच बाद झाले. धावत्या गाडीची उंची थांबलेल्या गाडीवर मोजायची ही सोय आहे, आणि मला हा नियम फार आवडतो.

वाकणाऱ्या विंगची गोष्ट आजही संपलेली नाही. पुढच्या विंगवर दोन्ही बाजूंना 100 किलोचा भार टाकल्यावर ती 15 मिमीपर्यंत वाकली तरी चालत असे. जून 2025च्या स्पॅनिश ग्रां प्रीपासून ती मर्यादा 10 मिमी झाली.

एवढं डोक्यात ठेवलं की कुठलंही रूलबुक वाचताना चार प्रश्न पुरतात: भाग कुठे बसतो, हलतो का, वाकतो का, आणि माणसाला लागला तर काय होईल.

सापळा: फॉर्म्युला वनचे नियम डोक्यात ठेवून स्टुडंटची गाडी काढू नका. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाच्या टीमने अपराइटला जोडलेल्या विंग्ज वर्षानुवर्षं वापरल्या. डीआरएसही (ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, कमी करायला उघडणारा विंगचा फ्लॅप) अनेक स्टुडंट टीम लावतात. तिथे बंद म्हणून इथे बंद, किंवा तिथे चालतं म्हणून इथे चालेल, यातलं काहीच गृहीत धरू नका.

## 2. गाडीवरचं काय काय "एरो" ठरतं ते ठरवा

व्याख्या साधी आहे: हवेला वळण देऊन डाउनफोर्स वाढवण्यासाठी किंवा ड्रॅग कमी करण्यासाठी मुद्दाम बनवलेला भाग. विंग धरून ठेवणारे खांब किंवा ब्रॅकेट त्यात येत नाहीत, जोवर तुम्ही त्यांनाच मुद्दाम तसा आकार देत नाही.

गाडीच्या चित्रावर रंगीत पेनाने प्रत्येक भाग खुणावून टाका. फ्रंट विंग, रिअर विंग, एंडप्लेट (विंगच्या टोकाची उभी पाटी), अंडरट्रे (गाडीखालचा तळ), डिफ्यूझर (त्या तळाचा मागे वर चढणारा भाग), साइडपॉडवरचे (बाजूच्या फुगीर भागावरचे) छोटे पंख, हेडरेस्टच्या मागचं फेअरिंग. गर्नी फ्लॅप राहतो हटकून. मागच्या कडेला लावलेली ती बोटभर उंचीची पट्टी विंगचाच भाग आहे आणि उंची तिच्या टोकापर्यंत मोजतात.

## 3. विंगच्या आधी डबा काढा

कॅडमध्ये नवी फाइल उघडा, फक्त चार टायर, जमीन आणि हेडरेस्ट ठेवा, आणि एरोला परवानगी असलेली जागा पारदर्शक ठोकळ्यांनी भरा. हे काम एका संध्याकाळचं आहे आणि वर्षभर पुरतं.

उंचीपासून सुरुवात करा. ड्रायव्हरच्या हेडरेस्टच्या आधाराची पुढची बाजू, पॅडिंग वगळून आणि आधार सगळ्यात मागे सरकवून, तिथून एक उभं प्रतल काढा. त्याच्या पुढचं सगळं एरो जमिनीपासून 500 मिमीच्या खाली. त्याच्या मागचं 1200 मिमीच्या खाली. शिवाय पुढच्या अ‍ॅक्सलच्या पुढे असलेला आणि पुढच्या टायरच्या आतल्या कडेच्या बाहेर जाणारा भाग 250 मिमीच्या खाली. म्हणजे फ्रंट विंगचा मधला पट्टा उंच असू शकतो, टायरसमोरचा नाही.

रुंदीत 500 मिमी ही सीमारेषा लक्षात ठेवा. तिच्या खालचं एरो चाकांच्या बाहेरच्या कडेपर्यंत जाऊ शकतं. तिच्या वरचं मागच्या टायरच्या आतल्या कडेच्या आतच राहिलं पाहिजे. रिअर विंग अरुंद का दिसते याचं उत्तर इथे आहे.

लांबीत, पुढच्या टायरच्या पुढच्या टोकापासून 700 मिमी पुढे, आणि मागच्या टायरच्या मागच्या टोकापासून 250 मिमी मागे. बस्स.

आता यावर दुसरा नियम चढवा, जो एरोच्या पानांवर नसतोच. गाडी उघड्या चाकांची हवी, म्हणून बाजूने पाहिल्यावर प्रत्येक टायरच्या पुढे-मागे 75 मिमीचा पट्टा रिकामा ठेवावा लागतो. हा पट्टा टायरच्या रुंदीभर असतो. म्हणजे टायरसमोर फ्रंट विंगला प्रत्यक्षात 700 उणे 75, म्हणजे 625 मिमीच मिळतात. फक्त एरोचा भाग वाचून 700 मिमीची विंग काढली की ती मागून टायरच्या अंगावर येते. नव्या टीममध्ये ही चूक सगळ्यात जास्त दिसते, कारण दोन नियम रूलबुकात एकमेकांपासून बरेच लांब आहेत.

खाली जमिनीपासून 30 मिमीची मोकळी जागा ठेवायची असते, ड्रायव्हर बसलेला असताना, आणि ती टायर सोडून गाडीच्या कुठल्याही भागाला लागू आहे. जमिनीला टेकणारे स्कर्ट अर्थातच बंद.

डबा काढून झाला की प्रत्येक बाजूने आणखी 10 मिमी आत एक दुसरा डबा काढा आणि विंग त्यात बसवा. हा आकडा नियमातला नाही, माझा आहे. हाताने घातलेल्या लॅमिनेटमध्ये (रेझिनमध्ये भिजवलेल्या कापडाच्या थरांत), ड्रिल केलेल्या ब्रॅकेटमध्ये, वेल्ड केलेल्या टॅबमध्ये दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतातच आणि ते बेरजेत येतात. डिझाइनची मंडळी कुरकुर करतील की डाउनफोर्स जातोय. त्यांना हा हिशोब दाखवा: गाडीचा डाउनफोर्स गुणांक गुणिले क्षेत्रफळ 3 चौरस मीटर धरला तर ताशी 60 किमीला साधारण 500 न्यूटन मिळतात. सेंटीमीटरभर आत घेतल्याने त्यातला लहानसा हिस्सा जातो. विंग स्क्रुटिनीत काढायला लागली तर सगळाच जातो. 2021 मध्ये साओ पावलोच्या पात्रता फेरीनंतर मागच्या विंगची डीआरएसची फट 85 मिमीच्या वर भरली म्हणून हॅमिल्टन बाद झाला होता, आणि टीमच्या म्हणण्याप्रमाणे फरक 0.2 मिमीचा होता. एवढ्या बारीक कामाची यंत्रणा असलेल्यांची ही गत, तर वर्कशॉपात हॅकसॉ ब्लेडने एंडप्लेट कापणाऱ्यांनी सीमेवर विंग लावू नये.

## 4. कोणत्या अवस्थेत मोजणार ते ठरवा

एरोच्या नियमांत माझ्या मते सगळ्यात मोलाची ओळ ही आहे: या सगळ्या मर्यादा चाकं सरळ असताना, सस्पेन्शनच्या कोणत्याही सेटअपमध्ये, ड्रायव्हर बसलेला असो वा नसो, पाळल्या गेल्या पाहिजेत. वाचताना ती सहज निसटते.

अर्थ असा की वरची मर्यादा रिकाम्या गाडीवर तपासायची, कारण ड्रायव्हर उतरला की गाडी उचलली जाते. खालची 30 मिमीची मर्यादा सगळ्यात जड ड्रायव्हर बसवून तपासायची. कॅडमधली गाडी बहुधा मधल्याच कुठल्यातरी उंचीवर असते, म्हणजे ती दोन्हींचं उत्तर देत नाही.

एक उदाहरण करून बघू. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) 1550 मिमी, मागच्या टायरची त्रिज्या साधारण 200 मिमी, आणि विंगचं टोक परवानगीच्या 250 मिमीवर. म्हणजे ते मागच्या अ‍ॅक्सलच्या 450 मिमी मागे. आता सेटअपवाल्यांनी मागची राइड हाइट (जमिनीपासून गाडीची उंची) 20 मिमी वाढवली. विंगचं टोक 20 नाही, 20 × 2000 ÷ 1550, म्हणजे जवळजवळ 26 मिमी वर जातं. कॅडमध्ये 1185 मिमीवर असलेली विंग आता 1211वर आहे आणि गाडी बाद आहे, तुम्ही विंगला हातही न लावता.

लांबीचंही तसंच. पुढची राइड हाइट 20 मिमी वाढवली की गाडीचं नाक वर होतं आणि 1200 मिमी उंचीवरचं विंगचं टोक सुमारे दीड सेंटीमीटर मागे झुकतं. 250ची मर्यादा तपासायची ती नाक वर असताना.

सस्पेन्शन विभागाशी बसून राइड हाइटची किमान आणि कमाल किंमत लिहून घ्या आणि चारही टोकांच्या अवस्था कॅडमध्ये जतन करा. त्यांनी पुढे त्या पट्ट्याबाहेर जायचं असेल तर आधी तुम्हाला विचारायचं, हे तेव्हाच ठरवून टाका. पावसाळी टायरचा व्यास वेगळा असेल तर तोही धरा.

प्रत्यक्ष मोजताना जमीन सपाट आहे याची खात्री करा. कॉलेजच्या वर्कशॉपची फरशी बहुतेक वेळा एका नाल्याकडे उतरती असते. चारही टायरखालच्या जागा पाणसळीने किंवा पाणी भरलेल्या नळीने बघा, पातळ पत्रे घालून समान करा, मगच टेप काढा. उंची नेहमी टायर टेकतो त्या जमिनीपासून.

## 5. शेजारच्या नियमांवर विंग चढत नाही ना, बघा

एरोचं पान पार केलेली विंग दुसऱ्याच पानावर अडकते.

जॅकिंग पॉइंट हा त्यातला मोठा. मागे नारिंगी रंगाची आडवी नळी असते, तिच्याखाली जॅक घालून गाडी उचलतात, आणि गाडीच्या मागे मीटरभरावर उभ्या माणसाला ती दिसली पाहिजे. डिफ्यूझर लांब केला की नळी झाकली जाते किंवा जॅक आत शिरत नाही. स्पर्धेत वापरणार तोच जॅक घालून बघा.

ड्रायव्हरला 5 सेकंदांत बाहेर पडायचं असतं, पूर्ण पोशाख, हेल्मेट, बांधलेले बेल्ट अशा अवस्थेतून. साइडपॉडवरचे पंख पायात येतात का, अंडरट्रेवर पाय पडला तर तो तुटतो का, ही चाचणी विंग लावूनच घ्या.

टिल्ट टेबलवर (गाडी उलटते का ते तपासायच्या कलत्या मंचावर) गाडी 60 अंशांना कलते. उंच जड रिअर विंग गुरुत्वमध्य वर नेते, तेव्हा तिचं वजन हिशोबात धरा. ब्रेक लाइट विंगमागे लपत नाही ना, तेही बघा.

## 6. कडा गोल करा

पुढच्या बाजूच्या, माणसाला लागू शकतील अशा कडांना किमान त्रिज्या लागते: आडव्या कडांना 5 मिमी, उभ्यांना 3 मिमी. पिटमध्ये गाडी हाताने ढकलत नेतात, भोवती माणसं असतात. गुडघ्यावर काय आदळेल याचा हा नियम आहे.

गणित करा म्हणजे अडचण दिसेल. 3 मिमीची त्रिज्या म्हणजे कड किमान 6 मिमी जाड. एंडप्लेट मात्र सहसा 2-3 मिमीच्या शीटची असते, तिची कड घासून कधीच 3 मिमीची त्रिज्या येणार नाही. तिला वेगळी गोल कड चिकटवावी लागते, चीर पाडलेली नळी किंवा फोमवर घातलेलं कापड. हे डिझाइनमध्येच धरा. स्पर्धेच्या आदल्या रात्री चिकटवलेली रबरी पट्टी तपासनिसाने बोटाने ओढली की निघून येते.

## 7. वाकवून बघा

दोन कसोट्या आहेत. 225 चौरस सेंटीमीटरवर पसरलेला 200 न्यूटनचा जोर दिल्यावर एरोचा भाग 10 मिमीपेक्षा जास्त वाकता कामा नये. आणि कुठल्याही बिंदूवर, कुठल्याही दिशेने 50 न्यूटन दिल्यावर 25 मिमीपेक्षा जास्त नाही.

पहिलीसाठी प्लायवूडचा 15 × 15 सेंमी तुकडा विंगवर ठेवा, त्यावर 20 लिटर पाण्याचा कॅन. तो साधारण 200 न्यूटन होतो. मध्यभागी ठेवा, मग टोकाला. खाली पट्टी उभी करून आधीचं आणि नंतरचं अंतर लिहा. दुसरीसाठी हुकाचा काटा 5 किलोपर्यंत ओढा.

"कुठल्याही दिशेने" हे शब्द विसरू नका. बहुतेक विंग्ज खाली दाबल्यावर ताठ असतात, कारण सगळा विचार डाउनफोर्सचा केलेला असतो. एंडप्लेटचं खालचं मागचं टोक धरून बाजूला ओढा, तिथे त्या हार मानतात. रिअर विंगला आडवा ताण देणाऱ्या तारा किंवा रॉड याच कारणाने लागतात. तुमचं मोजमाप लॅमिनेटच्या ताठपणाइतकंच ब्रॅकेटच्या ढिलेपणाचंही असतं. रॉड-एंडमधला खेळ आधी काढा.

पुणे-मुंबईकडच्या टीमसाठी एक सूचना: शक्यतो लॅमिनेशन भर पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये करू नका. दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थर धरतो आणि त्यावर पुढचा थर किंवा ब्रॅकेट नीट चिकटत नाही. जुलैत साचे आणि जिग करा, कापड दसऱ्यानंतर घाला.

## 8. फ्रंट विंगचा हिशोब आधीच लिहून ठेवा

नाकासमोर इम्पॅक्ट अटेन्युएटर असतो, जो धडकेत चुरडून ड्रायव्हरवरचा धक्का कमी करतो. फ्रंट विंगचे खांब त्याच भागात येतात. ते फार मजबूत असले तर धडकेत अटेन्युएटरच्या आधी तेच जोर पुढे चेसिसवर पोचवतात. म्हणून अटेन्युएटरचा कमाल जोर आणि विंगचं माउंटिंग तुटायला लागणारा जोर, दोन्ही मिळून 120 किलोन्यूटनच्या आत आहे असं दाखवावं लागतं.

म्हणजे या एका माउंटिंगला पोटात दोन मागण्या आहेत: सातव्या पायरीतला जोर सोसायचा आणि धडकेत वेळेवर मोडायचं. बोल्ट किती जाडीचा घेतला, का घेतला, हे कारणासह लिहा. हा हिशोब स्पर्धेच्या कित्येक महिने आधी कागदपत्रांत द्यावा लागतो आणि त्यानंतर खांब बदलले तर कागद खोटा ठरतो. विंग डिझाइन करणाऱ्याने तो स्वतः करावा. चेसिसवाल्यांच्या गळ्यात टाकू नये.

## 9. शंका लेखी विचारा

नियमाचे दोन अर्थ निघत असतील तर आयोजकांना लेखी प्रश्न पाठवा. आधी जुनी प्रश्नोत्तरं वाचा, नाहीतर तिथेच असलेलं उत्तर परत मिळेल. प्रश्नात कलमाचा क्रमांक, एक चित्र, आणि "आम्ही याचा अर्थ असा घेतो, बरोबर आहे का" एवढंच. उत्तर छापून गाडीसोबत न्या. सिनिअरचं "गेल्या वर्षी चाललं होतं" हे उत्तर स्क्रुटिनीत कामाचं नाही.

अनेक फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांत नोंदणीसाठीच नियमांवर क्विझ असते, त्यामुळे हा अभ्यास तसाही करायचाच आहे.

## 10. कोइम्बतूरला पोचल्यावर

पुण्याहून गाडी ट्रकने हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करते. विंग्ज उतरवून वेगळ्या लाकडी पेटीत न्या, आणि प्रत्येक जोडाला खूण करा म्हणजे तिथे तशाच बसतील. पोचल्यावर पुन्हा पूर्ण मोजा. सोबत सुटे ब्रॅकेट, लवकर वाळणारं इपॉक्सी, थोडं कापड आणि सॅंडपेपर ठेवा.

तपासनीस येतील तेव्हा एरोचा एकच माणूस बोलेल असं ठरवा, आणि त्याच्या हातात डब्याची तीन चित्रं आणि तुमच्या मोजमापांचा तक्ता असू द्या. ते विंगला हात लावतील, ओढतील, कडांवरून बोट फिरवतील. त्यांनी काही चुकीचं दाखवलं तर वाद घालण्याआधी कलमाचा क्रमांक विचारा आणि पान उघडा. बहुतेक वेळा ते बरोबर असतात. नसतील तेव्हा पानच बोलतं.

मंजुरीनंतर गाडीत काय बदलता येतं याची यादी रूलबुकात असते. विंगचा कोन बदलता येतो, तिची जागा बदलता येत नाही. पण कोन बदलला की टोकही हलतं. 250 मिमी लांबीचा फ्लॅप, पुढच्या कडेवर फिरणारा, 30 अंशांवरून 40 अंशांवर नेला तर त्याचं मागचं टोक 36 मिमी वर जातं. उलट 40 वरून 30 केला तर ते 25 मिमी मागे सरकतं. उभ्या कोनात उंचीची मर्यादा मोडते, आडव्यात लांबीची. म्हणून कोनाची भोकं पाडतानाच प्रत्येक भोकावर, रिकाम्या गाडीवर आणि नाक वर करून, दोन्ही अंतरं मोजा. जे भोक मर्यादेबाहेर नेतं ते पाडूच नका, कारण एन्ड्युरन्सच्या (लांब पल्ल्याच्या धावेच्या) सकाळी घाईत कुणीतरी बोल्ट त्याच भोकात घालेल.